वजीर द्यावा, पण केव्हा?

विद्यार्थी मित्रांनो, हा लेख वाचायला घेण्यापूर्वी घरातला बुद्धिबळाचा पट काढून समोर मांडा. पट नसेल तर वहीच्या पानावर चौसष्ट घरे आखा आणि कागदाचे कपटे मोहरी म्हणून वापरा. पुढे जो डाव सांगणार आहे तो अवघ्या सात चालींचा आहे. पण त्या चाली स्वतःच्या हाताने करून पाहिल्या नाहीत तर त्यातले मर्म हाती लागणार नाही. प्रयोगाचे वर्णन वाचणे आणि प्रयोग करणे यांत जो फरक आहे, तोच येथेही आहे.

मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो आणि सुटीच्या दिवशी आमच्या गावातल्या बुद्धिबळ मंडळात खेळायला जातो. माझा खेळ सामान्य आहे. नवख्यांना हरवावे आणि जाणत्यांकडून हरावे, अशा दर्जाचा. गेल्या पावसाळ्यात मंडळाने एका रविवारी पाच फेऱ्यांची छोटी स्पर्धा भरवली होती. प्रत्येक खेळाडूला पूर्ण डावासाठी अर्धा तास. पहिल्या तीन फेऱ्यांत माझे अडीच गुण झाले होते, आणि चौथ्या फेरीत समोर आला नववीतला एक मुलगा. खरे सांगायचे तर मनातून मला हायसे वाटले. हे हायसे वाटणे पुढे मला महागात पडले.

प्रथम चाली लिहिण्याची पद्धत समजावून घेऊ. पांढऱ्या मोहऱ्यांच्या बाजूने पाहिले असता डावीकडून उजवीकडे उभ्या रांगांना ए, बी, सी, डी, ई, एफ, जी, एच अशी नावे आहेत. आडव्या रांगांना पांढऱ्याकडून काळ्याकडे १ ते ८ हे आकडे. म्हणजे पांढरा राजा सुरुवातीला ई१ या घरात असतो आणि पांढरा वजीर डी१ मध्ये. काळा राजा ई८ मध्ये, काळा वजीर डी८ मध्ये. भूमितीतील क्ष आणि य सहनिर्देशकांसारखाच हा प्रकार आहे. आता आमचा डाव मांडा. पांढरी मोहरी माझ्याकडे होती.

पहिली चाल: माझे प्यादे ई४, त्याचे प्यादे ई५.
दुसरी चाल: माझा घोडा एफ३, त्याचे प्यादे डी६.
तिसरी चाल: माझा उंट सी४, त्याचा उंट जी४.
चौथी चाल: माझा घोडा सी३, त्याचा घोडा सी६.

येथे थांबा. मोहरी हलवू नका.

डावाच्या या आरंभीच्या भागाला खेळाडू ‘प्रारंभ’ म्हणतात, आणि त्यावर ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेले आहेत. एवढे लिहिण्याजोगे त्यात काय आहे, असे तुम्हाला वाटेल. थोडी आकडेमोड करा. पहिल्या चालीला पांढऱ्यापुढे २० पर्याय असतात: आठ प्यादी प्रत्येकी एक किंवा दोन घरे पुढे जाऊ शकतात, आणि दोन घोड्यांना प्रत्येकी दोन घरे मोकळी असतात. काळ्यालाही तेवढेच २०. म्हणजे दोघांची एकेक चाल झाली की ४०० प्रकार झाले. दोघांच्या दोन-दोन चाली झाल्या की त्या खेळण्याचे प्रकार होतात १,९७,२८१! हे सारे पटासमोर बसून, घड्याळ चालू असताना कोण तपासणार? म्हणून शेकडो वर्षे खेळलेल्यांनी आपला अनुभव काही सोप्या नियमांत बांधून ठेवला: मध्य ताब्यात घ्या, घोडे आणि उंट लवकर बाहेर काढा, राजाला सुरक्षित जागी न्या.

हे नियम कोणी वडीलधाऱ्याने सांगितले म्हणून पाळायचे नसतात. त्यांना कारण असते, आणि ते मोजता येते. रिकाम्या पटावर घोडा अगदी कोपऱ्यात ठेवा: त्याच्या आवाक्यात दोनच घरे येतात. एच३ वर ठेवा: चार. एफ३ वर ठेवा: आठ. एकाच घोड्याचे काम दुप्पट-चौपट झाले, आणि त्यासाठी वेगळा खर्च काही नाही. उंट कोपऱ्यातून सात घरे पाहतो, पटाच्या मध्यावरून तेरा. हत्ती मात्र विलक्षण प्राणी आहे. रिकाम्या पटावर तो कोठेही उभा राहो, चौदाच घरे पाहतो. म्हणून त्याला मध्यात आणण्याची घाई नसते. हे मी वर्गात सांगतो तेव्हा मुले लगेच मोजायला लागतात. तुम्हीही मोजा, माझ्यावर विश्वास ठेवू नका.

आता आमच्या डावाकडे वळू. ई५ च्या प्याद्याला डी६ च्या प्याद्याने आधार देण्याच्या या बचावाला फिलिडोरचा बचाव म्हणतात. फ्रान्स्वा फिलिडोर (१७२६–१७९५) हा फ्रेंच संगीतकार होता आणि त्याच्या काळातला सर्वांत बलाढ्य बुद्धिबळपटूही. १७४९ मध्ये त्याने बुद्धिबळावर लिहिलेला ग्रंथ पुढे अनेक पिढ्यांनी अभ्यासला. बचाव भक्कम आहे, परंतु काहीसा अवघडलेला; कारण डी६ चे प्यादे एफ८ वरच्या आपल्याच उंटाची वाट अडवते.

तिसऱ्या चालीला त्या मुलाचा उंट जी४ वर आला, तेव्हा माझा एफ३ चा घोडा ‘जखडला’ गेला. घोडा हलला की त्याच्यामागे डी१ वर उभा असलेला वजीर उंटाच्या तोंडी येतो. मात्र येथे एक बारकावा आहे, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणाची किल्ली त्यातच आहे. घोड्यामागे राजा असता तर घोडा हलवणे नियमानेच निषिद्ध झाले असते. पण मागे वजीर आहे. म्हणजे घोडा हलवायला बंदी नाही, किंमत आहे. बंदी आणि किंमत या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत. किंमत द्यायची तयारी असेल, आणि त्या बदल्यात त्याहून मोठे काही मिळत असेल, तर जखडलेला घोडाही खुशाल उडी मारू शकतो.

लेगालची मात

फिलिडोरचा गुरू होता लेगाल नावाचा एक फ्रेंच सरदार. पॅरिसमधील ‘काफे द ला रेजांस’ या कॉफीगृहात तो खेळत असे. तेथे १७५० च्या सुमारास सें ब्री नावाच्या खेळाडूविरुद्ध त्याने खेळलेला डाव आजही शिकवला जातो. समोरचा कच्चा, म्हणून लेगाल आपला वजिराकडचा हत्ती मुळात न मांडताच खेळत होता! नेहमी सांगितल्या जाणाऱ्या नोंदीप्रमाणे पहिल्या साडेतीन चाली आमच्यासारख्याच झाल्या. चौथ्या चालीला मात्र काळ्याने घोडा न काढता प्यादे जी६ वर सरकवले. आणि पाचव्या चालीला लेगालने जखडलेल्या घोड्यानेच ई५ चे प्यादे मारले.

वजीर मोकळा पडला. काळ्याने हर्षभराने उंटाने तो मारला. मग काय झाले पाहा (तुमच्या पटावर काळा घोडा सी६ वर आहे, तो तूर्त बी८ वर परत ठेवा आणि जी७ चे प्यादे जी६ वर आणा). सहावी चाल: पांढऱ्या उंटाने एफ७ चे प्यादे मारून शह. काळा राजा उंटाला मारू शकत नाही, कारण ई५ चा घोडा उंटाला जोर देतो. डी७ वर जाता येत नाही, तेही घर त्याच घोड्याच्या आवाक्यात. उरले एकच घर, ई७. सातवी चाल: सी३ चा घोडा डी५ वर, शह आणि मात! राजाच्या भोवतीचे प्रत्येक घर बोटाने दाखवून तपासा: ई८ आणि ई६ उंटाने रोखलेली, डी७ घोड्याने, एफ६ दुसऱ्या घोड्याने, आणि डी८, एफ८, डी६ ही घरे काळ्याच्याच मोहऱ्यांनी अडवलेली. तीन लहान मोहऱ्यांनी राजाला कोंडले, आणि पटावर काळ्याचा वजीर, दोन्ही हत्ती नुसते पाहत राहिले.

काळ्याने लोभ टाळून, वजीर सोडून, डी६ च्या प्याद्याने घोडा मारला असता तर? तर पांढरा वजीर जी४ चा उंट मारतो. हिशेब करा: घोड्याच्या बदल्यात उंट आणि वर एक प्यादे. म्हणजे लेगालची चाल दोन्ही वाटांनी फायद्याची होती. वजीर त्याने ‘दिला’ असे म्हणायचे, पण खरे म्हणजे उसना दिला होता.

हा डाव मी शाळेत असताना एका जुन्या पुस्तकात वाचला होता. तो इतका आवडला होता की पुढे कित्येक वर्षे कोणी उंट जी४ वर आणला की माझा हात शिवशिवायचा.

आमच्या डावात काय झाले

आता काळा घोडा पुन्हा सी६ वर आणा आणि प्यादे जी७ वर. आमची स्थिती आली. मी ती पाहिली आणि मला पॅरिस दिसले. क्षणाचाही विलंब न लावता मी घोडा उचलला, ई५ चे प्यादे मारले आणि घड्याळाची कळ दाबली. शेजारच्या पटावरचे दोघे मान वळवून पाहू लागले. मला, खोटे कशाला सांगू, तेही आवडले.

मुलाने हनुवटी हातावर टेकली आणि तो बसून राहिला. चार मिनिटे गेली असतील. मग त्याने वजिराला हातही लावला नाही. प्याद्यानेही घोडा मारला नाही. त्याने सी६ च्या घोड्याने माझा घोडा मारला.

तुम्ही ही चाल पटावर करा आणि माझ्या जागी बसून पाहा. ई५ वर आलेला काळा घोडा एकाच वेळी दोन कामे करतो. एक, तो जी४ च्या आपल्या उंटाला जोर देतो. म्हणून माझ्या वजिराने तो उंट मारला तर घोडा वजिराला मारणार. दोन, तो माझ्या सी४ च्या उंटावर चालून आला आहे. शिवाय माझा वजीर जी४ च्या उंटाच्या माऱ्यात आहेच. मी उंट ई२ वर मागे घेतला, उंटाला उंट मारला गेला, आणि धूळ बसल्यावर माझ्याकडे घोड्याच्या बदल्यात एक प्यादे होते. घोड्याची किंमत साधारण तीन प्यादी धरतात. म्हणजे दोन प्याद्यांचा तोटा.

पुढचा डाव सांगण्यासारखा नाही. त्याने मिळेल तेथे मोहऱ्यास मोहरा मारून पट मोकळा केला. यामागेही साधे अंकगणित आहे: सुरुवातीला प्रत्येकाकडे वजीर नऊ, हत्ती पाच, घोडा व उंट तीन आणि प्यादे एक या हिशेबाने ३९ चे बळ असते. ३५ विरुद्ध ३३ हा फरक नजरेत भरत नाही. पण दोघांचे २५–२५ खर्ची पडले की तोच फरक १० विरुद्ध ८ होतो. सुमारे तासाभराने मी राजा आडवा केला.

डाव संपल्यावर मी त्याला विचारले, “तुला लेगालचा सापळा ठाऊक होता का रे?”

“नाही सर,” तो म्हणाला, “कोणाचा?”

“मग वजीर का मारला नाहीस? फुकट मिळत होता की.”

“म्हणूनच भीती वाटली. मग मी बघितलं, तुमच्या घोड्यामुळे माझ्यापुढे काय काय करण्यासारखं आहे. वजीर मारता येतो, प्याद्यानं घोडा मारता येतो, घोड्यानं घोडा मारता येतो. तिन्ही करून बघितले मनात. पहिल्यात मात होत होती.”

तीन पर्याय, तिन्ही तपासले. मला तो डाव पाठ होता आणि त्याला तो माहीतही नव्हता. तरी त्या चार मिनिटांत पटावर काय आहे हे त्याने पाहिले आणि मी पाहिले नाही.

माझी चूक नेमकी कोणती, हे त्या रात्री घरी पट मांडून मी शोधले. मात खोटी नव्हती. वजीर मारला असता तर सी६ वर घोडा असूनही सातव्या चालीला मात होतच होती. चूक होती ती दुसऱ्या वाटेची. लेगालच्या डावात ई५ वरचा घोडा मारायला फक्त एक प्यादे होते. माझ्या डावात एक घोडाही होता. गंमत अशी की लेगालच्या मूळ डावाच्या नोंदींतही एकवाक्यता नाही. एका नोंदीत काळ्याचा घोडा सी६ वर आधीच आलेला दाखवला आहे. ती खरी असेल तर लेगालचीही चाल चूकच होती, आणि सें ब्रीला वजिराचा मोह पडला म्हणून ती अजरामर झाली!

आमच्या प्रयोगशाळेत दर वर्षी असे घडते. साध्या लंबकाच्या झोक्याचा काल गोळ्याच्या वजनावर अवलंबून नसतो आणि झोका किती मोठा आहे यावरही नसतो, हे सूत्र मुलांना पाठ असते. मग कोणीतरी उत्साही विद्यार्थी झोका नीट दिसावा म्हणून गोळा चांगला ६० अंशांपर्यंत ओढून सोडतो. पण सूत्र आहे लहान झोक्यांसाठी. ६० अंशांच्या झोक्याचा काल सूत्राने येणाऱ्या कालापेक्षा सुमारे ७ टक्क्यांनी जास्त असतो. झोका तेवढाच टिकून राहिला आणि त्यावरून गुरुत्वत्वरण काढले, तर ९.८ च्या जागी ८.५ च्या आसपास उत्तर येईल. विद्यार्थी म्हणतो, “सर, सूत्र तर बरोबर लिहिलंय.” सूत्र बरोबरच असते. मी त्याला विचारतो की सूत्राच्या वरची ओळ कोठे गेली, ‘कोन लहान असताना’ ही? त्या रविवारी ही ओळ मीच गाळली होती.

एका घराचा फरक

आता या गोष्टीचा मला सर्वांत आवडणारा भाग. त्याच स्थितीत लेगालची कल्पना खरी ठरवता येते का? येते, आधी एक छोटी चाल करावी लागते.

पट पुन्हा चौथ्या चालीनंतरच्या स्थितीवर आणा. पाचव्या चालीला घोडा न उडवता पांढऱ्याने एच२ चे प्यादे एच३ वर सरकवावे. हा जी४ च्या उंटाला विचारलेला प्रश्न आहे: घोडा मारतोस की मागे जातोस? बहुतेक खेळाडूंना घोडा जखडलेलाच ठेवायचा असतो, म्हणून ते उंट एच५ वर नेतात. उंट जी४ वरून एच५ वर गेला, एकच घर सरकला. आता घोड्याने ई५ चे प्यादे मारा.

काळ्याने वजीर मारला तर तीच मात. प्याद्याने घोडा मारला तर पांढरा वजीर एच५ चा उंट मारतो आणि पुढच्याच चालीला एफ७ वर मात देण्याचा धाक घालतो. आणि सी६ च्या घोड्याने घोडा मारला तर? मला हरवणारी हीच ती चाल. पण ई५ चा घोडा जी४ ला जोर देतो; एच५ त्याच्या आवाक्यात नाही! पांढरा वजीर उंट मारतो. काळा घोडा सी४ चा उंट मारतो. मग वजीर एच५ वरून सरळ आडवा बी५ वर येतो: राजाला शह आणि त्याच वेळी सी४ च्या घोड्यावर मारा. काळा शह अडवील तोवर घोडा गेला. हिशेब केलात तर पांढऱ्याकडे एक प्यादे जास्त.

स्थिती तीच, मोहरी तीच, कल्पना तीच. उंट जी४ वर असेल तर चाल चूक आणि एच५ वर असेल तर बिनचूक.

मग प्रारंभ पाठ करूच नयेत का, असे शिक्षक मला विचारतात. पाठ करावेत, रोज आकडेमोड पहिल्यापासून करायला कोणाला सवड आहे? पण पाठांतराशिवायही किती दूर जाता येते याचे एक उदाहरण आपल्या उपखंडातलेच आहे. मीर सुलतान खान हा पंजाबातला खेळाडू हिंदुस्थानी पद्धतीचे बुद्धिबळ खेळत मोठा झाला. त्या पद्धतीत प्यादे पहिल्या चालीला दोन घरे जात नाही, त्यामुळे युरोपातल्या प्रारंभांची पुस्तके त्याच्या कामाची नव्हती. १९२९ मध्ये तो इंग्लंडला गेला आणि त्याच वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद जिंकले. पुढे १९३२ आणि १९३३ मध्ये पुन्हा. १९३०–३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्याने माजी जगज्जेता कापाब्लांकालाही हरवले. प्रारंभात तो अनेकदा अडचणीत येई, आणि मग पटावर जे असेल ते पाहून त्यातून वाट काढी. जागतिक संघटनेने २०२४ मध्ये त्याला मरणोत्तर सन्माननीय ग्रँडमास्टर किताब दिला.

तुमच्यासाठी एक प्रश्न ठेवतो. तुमच्या पटावर काळ्याची चौथी चाल बदला: घोडा सी६ ऐवजी दुसरा घोडा जी८ वरून एफ६ वर आणा. उंट जी४ वरच आहे. आता पांढऱ्याने पाचव्या चालीला घोड्याने ई५ चे प्यादे मारावे की नाही? वजीर मारला तर काय होते आणि प्याद्याने घोडा मारला तर काय होते, दोन्ही वाटा शेवटपर्यंत जाऊन पाहा. एफ६ च्या घोड्याच्या आवाक्यात कोणती घरे येतात, तिकडे विशेष लक्ष द्या. हातातल्या फोनवरचा बुद्धिबळाचा कार्यक्रम याचे उत्तर डोळ्याचे पाते लवते न लवते तोच देईल, तेव्हा तो जरा बाजूला ठेवा.

तो मुलगा मंडळात अजून येतो. महिन्याभराने आम्ही पुन्हा खेळलो आणि तीच स्थिती पुन्हा आली. या वेळी मी एच३ खेळलो. त्याने पटाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, पुन्हा पटाकडे पाहिले, आणि उंट निमूटपणे डी७ वर मागे घेतला. डाव बरोबरीत सुटला.